लिनक्सवर हार्डवेअर ड्रायव्हर: मुक्त की बंदिस्त हे ठरवण्यापासून बसवणे, तपासणे आणि काढण्यापर्यंत

ड्रायव्हर बसवल्यावर स्क्रीन काळी पडली, वाय-फाय दिसेनासे झाले, कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा) अद्ययावत होताच ग्राफिक्स कार्ड ओळखले जाईना, अशा तक्रारी सतत येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी ड्रायव्हरमधला दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी उत्पादकाच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवली जाते, मग ती चालत नाही म्हणून दुसरी बसवली जाते, आणि आपल्या यंत्रात नेमकी कोणती चिप आहे हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो. मुक्त स्रोत (ज्याचा स्रोत सर्वांना पाहता आणि बदलता येतो) आणि बंदिस्त ड्रायव्हर यांच्यातला वादही याच घाईत एका होय-नाही प्रश्नात कोंबला जातो. प्रत्यक्षात तो निर्णय संपूर्ण संगणकासाठी एकदाच घेता येत नाही. तो प्रत्येक उपकरणासाठी, आणि त्या उपकरणाच्या प्रत्येक थरासाठी वेगळा घ्यावा लागतो.

या लेखात कमांड आणि फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची आहेत. अक्षरे सुटी करून लिहिलेल्या नावांमधील जोडरेषा केवळ वाचण्याच्या सोयीसाठी आहेत.

## सुरुवात करण्याआधी: 'ड्रायव्हर' या एका शब्दामागचे तीन थर

पहिला थर फर्मवेअरचा. ही उपकरणाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालणारी आज्ञावली असते. काही उपकरणांत ती चिपमध्येच कायमची साठवलेली असते, तर काहींना ती प्रत्येक वेळी सुरू होताना कर्नलकडून द्यावी लागते. ही दुसऱ्या प्रकारची फर्मवेअर बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचांमध्ये) 'लिनक्स-फर्मवेअर' नावाच्या पॅकेजमधून येते आणि तिचा स्रोत बहुधा उपलब्ध नसतो. एएमडीच्या ग्राफिक्स कार्डाचा 'एएमडीजीपीयू' ड्रायव्हर किंवा इंटेलच्या वाय-फायचा 'आयडब्ल्यूएलवायफाय' हे दोन्ही पूर्णपणे मुक्त स्रोत आहेत, पण फर्मवेअरच्या बंद फाइलीशिवाय ते कामच करत नाहीत. डेबियनने ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांचे मतदान घेऊन अशी फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट करण्याचे ठरवले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तिच्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा स्वतंत्र विभाग आहे. 'लिनक्स-लिब्रे' या कर्नलमधून मात्र अशा फाइली आणि त्या मागवणारा भाग काढून टाकलेला असतो. ओपनबीएसडी या लिनक्सहून वेगळ्या मुक्त प्रणालीची भूमिका मधली आहे: बंदिस्त ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यायचा नाही, पण उपकरणाच्या आत चालणारी फर्मवेअर पुनर्वितरणाची मुभा असेल तर चालवून घ्यायची. या तिन्ही भूमिका प्रामाणिक आहेत. आपली भूमिका कोणती, हे आधी ठरवले नाही तर पुढे 'मुक्त ड्रायव्हर बसवला तरी बंद फाइल का मागतो' या गोंधळात वेळ जातो.

दुसरा थर कर्नल मॉड्यूलचा, म्हणजे कर्नलमध्ये लोड होणाऱ्या ड्रायव्हरच्या भागाचा, आणि वादाचा खरा केंद्रबिंदू हाच आहे. लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, आणि त्याचे अंतर्गत इंटरफेस (आतल्या भागांचे एकमेकांशी जोडले जाण्याचे मार्ग) स्थिर ठेवायचे नाहीत हे त्याच्या विकसकांचे जाणीवपूर्वक धोरण आहे. एखादा इंटरफेस बदलणारी व्यक्ती कर्नलच्या स्रोतात असलेले सर्व ड्रायव्हर स्वतःच दुरुस्त करते. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरला मात्र दर नव्या कर्नलमागे धावावे लागते. त्यामुळे बंदिस्त मॉड्यूलची खरी किंमत बसवण्याच्या दिवशी दिसत नाही. दोन वर्षांनी उत्पादकाने त्या चिपचा पाठिंबा थांबवला की ती समोर येते.

तिसरा थर वापरकर्त्याच्या बाजूच्या लायब्ररींचा. ग्राफिक्समध्ये ओपनजीएल आणि व्हल्कन (आज्ञावलींना चित्रे काढून घेण्यासाठीचे दोन मानक इंटरफेस) पुरवणारी 'मेसा' ही मुक्त लायब्ररी एका बाजूला आणि उत्पादकाच्या बंद लायब्ररी दुसऱ्या बाजूला, अशी ही विभागणी आहे. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूलचा स्रोत जीपीएल आणि एमआयटी या दुहेरी परवान्याखाली खुला केला, तेव्हा अनेकांचा समज झाला की संपूर्ण ड्रायव्हर मुक्त झाला. खुला झाला तो फक्त दुसरा थर. तिसरा थर बंदच आहे, आणि बरेचसे काम कार्डावरील 'जीएसपी' नावाच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे पहिल्या थरात चालते. पॅकेजच्या नावात 'ओपन' दिसले की त्याचा अर्थ एवढाच घ्यावा.

## टप्पा १: उपकरण नावाने नव्हे, ओळख क्रमांकाने ओळखा

खोक्यावर छापलेले मॉडेलचे नाव या कामासाठी पुरेसे नसते. वाय-फायच्या यूएसबी अडॅप्टरमध्ये तर एकाच नावाखाली आवृत्ती बदलताना आतली चिप पूर्णपणे बदललेली असते. म्हणून टर्मिनलमध्ये 'एल-एस-पी-सी-आय' ही कमांड 'एन-एन-के' या पर्यायासह चालवावी. ती प्रत्येक उपकरणासमोर चौकोनी कंसात दोन भागांचा क्रमांक दाखवते. पहिला भाग उत्पादकाचा असतो: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसरा भाग चिपचा असतो, आणि शोध घेताना हाच उपयोगी पडतो. यूएसबी उपकरणांसाठी 'एल-एस-यू-एस-बी' वापरावी.

याच निकालात 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असते. सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे, ते तिथे कळते. तिच्याखालच्या 'कर्नल मॉड्यूल्स' या ओळीत उपलब्ध असलेले पर्याय दिसतात. पहिली ओळच नसेल तर उपकरणाला ड्रायव्हर मिळालेला नाही. ती असूनही उपकरण चालत नसेल तर दोष बहुधा फर्मवेअरचा किंवा मांडणीचा (कॉन्फिगरेशनचा) आहे. हा फरक न पाहता दुसरा ड्रायव्हर बसवणे ही मला वारंवार दिसलेली चूक आहे.

तपासणी: उपकरणाचा पूर्ण क्रमांक, चालू ड्रायव्हरचे नाव आणि 'यूनेम -आर' ने दाखवलेली कर्नलची आवृत्ती, या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. स्क्रीन काळी पडल्यावर त्या स्क्रीनवरून वाचता येणार नाहीत.

## टप्पा २: आधी निर्णय, मग डाउनलोड

कर्नलमध्ये असलेला ड्रायव्हर आपली गरज भागवत असेल तर तो बदलू नये, हा माझा पहिला नियम आहे. तो केवळ तत्त्वासाठी नाही: असा ड्रायव्हर कर्नलबरोबरच अद्ययावत होतो, त्याला वेगळी डिजिटल सही लागत नाही आणि तो बिघडला तर दुरुस्त करू शकणारी माणसे एका कंपनीपुरती मर्यादित नसतात. बंदिस्त ड्रायव्हरकडे वळायचे असेल तर कारण एका वाक्यात सांगता आले पाहिजे. 'क्युडावर (ग्राफिक्स कार्डावर गणने करण्याच्या एनव्हिडियाच्या व्यवस्थेवर) चालणारी गणने करायची आहेत' हे कारण आहे. 'कंपनीचा म्हणजे चांगलाच असेल' हे नाही.

एएमडी आणि इंटेल यांच्या ग्राफिक्ससाठी निर्णय सोपा आहे. कर्नलमधील ड्रायव्हर आणि मेसा पुरेसे आहेत, आणि हे संच उत्पादक स्वतःच मुक्त स्रोतात विकसित करतात. एएमडीचे कार्ड आहे म्हणून संकेतस्थळावरून वेगळा संच उतरवण्याची सामान्य वापरात गरज नसते. उलट त्यामुळे डिस्ट्रोच्या मेसाशी गाठ पडून व्यवस्थित चाललेली यंत्रणा बिघडते.

एनव्हिडियासाठी कार्डाची पिढी पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ट्युरिंग पिढीपासून पुढे, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० या मालिकांपासून, खुली कर्नल मॉड्यूल चालतात, आणि ड्रायव्हरच्या ५६० या आवृत्तीपासून उत्पादकाच्या इन्स्टॉलरमध्ये तीच पहिली निवड आहे. ब्लॅकवेल पिढीच्या, म्हणजे आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांना तर खुलीच मॉड्यूल लागतात, जुनी बंद मॉड्यूल त्यांवर चालतच नाहीत. याउलट मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांवर खुली मॉड्यूल चालत नाहीत, आणि या पिढ्यांना पाठिंबा देणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा (आवृत्त्यांची मालिका) ५८० आहे. केप्लर पिढी ४७० शाखेवर आणि फर्मी पिढी ३९० शाखेवर थांबलेली आहे. या दोन्ही शाखांचा पाठिंबा संपला आहे, त्यामुळे नव्या कर्नलवर त्या बांधल्या (स्रोतापासून तयार केल्या) जातील याची खात्री नाही.

मग जुन्या कार्डासाठी मुक्त 'नूवो' ड्रायव्हर का वापरू नये? इथे वादाची दुसरी बाजू दिसते. मॅक्सवेलच्या दुसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे जीटीएक्स ९०० मालिकेपासून, एनव्हिडियाने कार्डाला फक्त स्वतःची सही असलेली फर्मवेअर स्वीकारण्याची सक्ती केली, आणि कार्डाच्या घड्याळाचा, म्हणजे कामाचा, वेग वाढवण्यासाठी लागणारी फर्मवेअर नूवोला मिळाली नाही. परिणामी ९०० आणि १० मालिकांची कार्डे नूवोवर सुरू होतानाच्या कमी वेगावरच अडकून राहतात. स्क्रीन दिसते, दस्तऐवज लिहिता येतात, पण खेळ किंवा त्रिमिती काम त्यांवर नीट होत नाही. इथे मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. कुलूप हार्डवेअरमध्येच आहे. ट्युरिंगपासून पुढच्या कार्डांवर जीएसपीमुळे ही अडचण सुटू लागली आहे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ कर्नलपासून नूवोला जीएसपी फर्मवेअर वापरता येते, आणि मेसामधील 'एनव्हीके' हा व्हल्कन ड्रायव्हर त्या कार्डांवर तिच्या आधाराने चालतो. नवे कार्ड, नवा कर्नल आणि क्युडाची गरज नाही, अशी स्थिती असेल तर आधी हा मार्ग वापरून पाहावा.

वाय-फायमध्ये ब्रॉडकॉमच्या चिप सर्वांत जास्त गोंधळ घालतात, कारण त्यांच्यासाठी 'बी४३', 'बीआरसीएमएसमॅक', 'बीआरसीएमएफमॅक' हे कर्नलमधील ड्रायव्हर आणि 'डब्ल्यूएल' हा बंदिस्त ड्रायव्हर, असे अनेक पर्याय आहेत आणि प्रत्येक चिपला यांतला एखादाच योग्य असतो. डब्ल्यूएल आता डिस्ट्रोंनी जोडलेल्या दुरुस्त्यांवरच तग धरून आहे; कर्नलमधील ड्रायव्हर आपली चिप ओळखत असेल तर डब्ल्यूएलच्या वाटेला जाऊ नये. रिअलटेकच्या चिपसाठी पूर्वी बाहेरून स्रोत उतरवून ड्रायव्हर बांधावा लागे. त्यांतल्या अनेक चिप आता कर्नलमधील 'आरटीडब्ल्यू८८' आणि 'आरटीडब्ल्यू८९' यांत आल्या आहेत, त्यामुळे जुन्या सूचना वाचून बाहेरचा ड्रायव्हर बांधण्याआधी कर्नल नवा करून पाहावा.

छपाईयंत्रांचा प्रश्न त्यामानाने सोपा झाला आहे. 'आयपीपी एव्हरीव्हेअर' हे छपाईचे मानक पाळणारे यंत्र 'कप्स' ही लिनक्सची छपाई व्यवस्था वेगळ्या ड्रायव्हरशिवायच ओळखते. तेवढे तपासून पुढे जावे.

इशारा: एकाच उपकरणासाठी दोन ड्रायव्हर 'कोणता चालतो ते पाहू' म्हणून एकत्र बसवू नका. जो आधी लोड होतो तो उपकरण धरून ठेवतो, आणि दुसरा नापास झाल्यासारखा दिसतो.

## टप्पा ३: पूर्वतयारी

या टप्प्यावर अर्धा तास गेला तरी चालेल.

पहिले काम माघारीची वाट तयार ठेवण्याचे. सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या (कर्नल निवडून यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञावलीच्या) यादीत किमान एक जुना, चालणारा कर्नल असल्याची खात्री करा आणि त्यातून एकदा प्रत्यक्ष सुरू करून पाहा. 'टाइमशिफ्ट' किंवा तत्सम साधनाने प्रणालीची प्रत घ्या. लाइव्ह यूएसबी (जिच्यावरूनच लिनक्स सुरू करता येते अशी) जवळ ठेवा.

दुसरे काम इंटरनेटच्या पर्यायाचे. वाय-फायचाच ड्रायव्हर बदलत असाल तर मध्येच जोडणी तुटणार आहे. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचे इंटरनेट संगणकाला देणे) सुरू केले की बहुतेक डिस्ट्रोंना वेगळा ड्रायव्हर न लागता जोडणी मिळते. हे आधीच करून पाहा.

तिसरे काम प्रणाली पूर्ण अद्ययावत करून पुन्हा सुरू करण्याचे, आणि ते सर्वाधिक वेळा वगळले जाते. बाहेरचे मॉड्यूल आपल्या यंत्रावर बांधायचे तर कर्नलच्या हेडर फाइली (मॉड्यूल त्या कर्नलशी जुळवण्यासाठीच्या व्याख्या) लागतात, आणि त्या नेमक्या चालू कर्नलच्याच असाव्या लागतात. अद्ययावत केले पण यंत्र पुन्हा सुरू केले नाही, तर चालू कर्नल जुना, हेडर नव्या कर्नलचे, अशी स्थिती होते. हेडरचे पॅकेज निवडताना विशिष्ट आवृत्तीचे न निवडता कर्नलबरोबर आपोआप पुढे सरकणारे एकत्रित पॅकेज निवडावे. अन्यथा पुढच्या महिन्यातल्या कर्नलला हेडर मिळणार नाहीत आणि ड्रायव्हर कोणताही संदेश न देता बांधायचा राहून जाईल.

चौथे काम सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्याच आज्ञावलीने यंत्र सुरू होऊ देणारी व्यवस्था) चालू आहे का हे पाहण्याचे. 'मोकयुटिल' ही कमांड 'एस-बी-स्टेट' या पर्यायासह (आधी दोन उणे चिन्हे; एस आणि बी जोडून, पण 'स्टेट' आधीची जोडरेषा टाइप करून) चालवली की उत्तर मिळते. ते लिहून ठेवा. सहाव्या टप्प्यात लागेल.

तपासणी: जुन्या कर्नलमधून यंत्र सुरू झाले का? 'यूनेम -आर' ची आवृत्ती आणि हेडर पॅकेजची आवृत्ती जुळते का? दोन्हींचे उत्तर होय असेल तरच पुढे जा.

## टप्पा ४: फर्मवेअर आधी तपासा

'डी-एम-ई-एस-जी' किंवा 'जर्नल-सी-टी-एल -के' यांच्या निकालात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. एखादी फाइल लोड झाली नाही असा संदेश उपकरणाच्या नावासह दिसत असेल, तर ड्रायव्हर आहे, फक्त फाइल नाही. अशा वेळी फर्मवेअरचे पॅकेज बसवून यंत्र पुन्हा सुरू करणे एवढेच काम उरते, आणि पुढचे टप्पे लागतच नाहीत. डेबियनच्या जुन्या आवृत्तीवरून १२ वर आलेल्यांनी रिपॉझिटरीच्या (डिस्ट्रोच्या पॅकेजसाठ्याच्या) यादीत 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग जोडला आहे का ते पाहावे. जुन्या यादीत फक्त 'नॉन-फ्री' असेल तर फर्मवेअरची अद्यतने येणे थांबते.

एक सावधगिरी: फर्मवेअर मिळाली नाही असे सगळेच संदेश गंभीर नसतात. काही ड्रायव्हर नव्या आवृत्तीची फाइल आधी मागतात आणि ती नसेल तर जुनीवर समाधान मानतात. उपकरण चालत असेल तर त्या ओळीच्या मागे लागू नये.

## टप्पा ५: बसवणे, आणि तेही डिस्ट्रोच्या मार्गानेच

उत्पादकाच्या संकेतस्थळावरील स्वयंचलित इन्स्टॉलर फाइल प्रणालीच्या लायब्ररी पॅकेज व्यवस्थापकाला न सांगता बदलते. पुढच्या अद्यतनात पॅकेज व्यवस्थापक त्यांवर स्वतःच्या फाइली लिहितो आणि कर्नल मॉड्यूल एका आवृत्तीचे, लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, अशी अवस्था होते. म्हणून ड्रायव्हर डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतूनच घ्यावा. उबुंटूमध्ये 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' ही खिडकी किंवा 'उबुंटू-ड्रायव्हर्स' ही कमांड आहे. डेबियनमध्ये 'नॉन-फ्री' विभाग जोडावा लागतो. फेडोरासाठी 'आरपीएम फ्यूजन' ही रिपॉझिटरी वापरली जाते. आर्चमध्ये नेहमीचा कर्नल वापरत नसाल तर 'डीकेएमएस' प्रकारचे, म्हणजे दर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारे, पॅकेज घ्यावे.

पूर्वी उत्पादकाच्या फाइलीने ड्रायव्हर बसवलेला असेल तर तो आधी त्याच फाइलीच्या 'अनइन्स्टॉल' पर्यायाने काढा.

मॉड्यूल आपल्या यंत्रावर बांधले जात असेल तर थांबणे हा कामाचाच भाग आहे. फेडोरावर 'एकेमॉड्स' ही यंत्रणा पॅकेज बसवून झाल्यानंतर पार्श्वभूमीत मॉड्यूल बांधते आणि त्याला काही मिनिटे लागतात. टर्मिनल मोकळे झाले म्हणून लगेच यंत्र पुन्हा सुरू केले, तर नूवोला लोड होण्यास मनाई झालेली असते आणि नवे मॉड्यूल अजून तयार नसते.

तपासणी: पुन्हा सुरू करण्याआधी 'मॉडइन्फो' या कमांडने एनव्हिडियाच्या मॉड्यूलची माहिती मागवा. आवृत्ती दिसली तर मॉड्यूल तयार आहे. 'सापडले नाही' असा संदेश आला तर थांबा. डीकेएमएस वापरणाऱ्या डिस्ट्रोंवर 'डी-के-एम-एस स्टेटस' मध्ये चालू कर्नलच्या आवृत्तीसमोर 'इन्स्टॉल्ड' असे दिसले पाहिजे. मॉडइन्फोच्या निकालात परवान्याची ओळही पाहा: खुल्या मॉड्यूलसमोर एमआयटी आणि जीपीएल असा दुहेरी परवाना दिसतो, बंद मॉड्यूलसमोर फक्त एनव्हिडिया. आपण ठरवले तेच बसले की नाही, याची ही सर्वांत खात्रीची खूण आहे.

जुन्या ड्रायव्हरला मनाई करणारी फाइल बहुतेक पॅकेजेस स्वतःच लिहितात. ती हाताने लिहावी लागली तर 'इनिटरॅमएफएस' (यंत्र सुरू होताना कर्नल सर्वांत आधी वापरतो ती छोटी प्रतिमा) पुन्हा तयार करायला विसरू नका. नूवोसारखा ड्रायव्हर त्या प्रारंभिक प्रतिमेतूनच लोड होतो, त्यामुळे ती जुनीच राहिली तर मनाईचा काही परिणाम होत नाही आणि फाइल बरोबर असूनही चुकल्यासारखी वाटते.

## टप्पा ६: सिक्युअर बूट आणि सही

सिक्युअर बूट चालू असताना डिस्ट्रोचा कर्नल सही नसलेले मॉड्यूल नाकारतो. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' हा संदेश दिसला तर ड्रायव्हर पुन्हा बसवू नका. हा सहीचा प्रश्न आहे. डिस्ट्रोने आधीच बांधून सही केलेले मॉड्यूल मिळत असेल तर ते घेणे सर्वांत सोपे. मॉड्यूल आपल्या यंत्रावर बांधले असेल तर सही करणारी आपली स्वतःची डिजिटल किल्ली यंत्राच्या 'मोक' (मालकाने मान्य केलेल्या किल्ल्यांच्या) यादीत नोंदवावी लागते.

क्रम असा आहे. किल्ली तयार होते किंवा डिस्ट्रो ती तयार करते. मोकयुटिलने तिच्या नोंदणीची मागणी करताना एक तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो. यंत्र पुन्हा सुरू करताना एक निळी स्क्रीन येते. तिथे 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड टाइप करायचा आणि पुढे जायचे. ही स्क्रीन सुमारे दहा सेकंदच थांबते. ती हुकली की यंत्र नेहमीसारखे सुरू होते, मॉड्यूल मात्र लोड होत नाही, आणि नोंदणीची मागणी पुन्हा करावी लागते. त्या स्क्रीनवर कीबोर्डची मांडणी अमेरिकी असते, म्हणून पासवर्डमध्ये साधी अक्षरे आणि अंकच ठेवावेत.

सिक्युअर बूट सरळ बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. स्वतःच्या यंत्रावर तो निर्णय आपला आहे, पण त्याच यंत्रावर बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करण्याच्या सोयीने) बंद केलेली विंडोज असेल तर तिची पुनर्प्राप्तीची किल्ली हाताशी असल्याशिवाय ते करू नये.

## टप्पा ७: पुन्हा सुरू करून पडताळणी

डेस्कटॉप दिसला म्हणजे ड्रायव्हर चालतो, असे नव्हे. पहिल्या टप्प्यातली कमांड पुन्हा चालवून 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ पाहा. नंतर 'जीएलएक्सइन्फो' च्या निकालात रेंडररचे नाव पाहा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असेल तर चित्रे कार्ड काढत नसून मुख्य प्रोसेसर काढत आहे. ड्रायव्हर बसला आहे, पण वापरला जात नाही. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर नेहमीची कामे कमी वीज खाणाऱ्या चिपवरच चालतात, तेव्हा तिचे नाव दिसणे हा दोष नाही. मोठी कामे 'प्राइम-रन' सारख्या मार्गाने दुसऱ्या चिपवर मुद्दाम पाठवावी लागतात. टेबलावरच्या संगणकात मॉनिटरची केबल मदरबोर्डमध्ये न लावता ग्राफिक्स कार्डातच लावली आहे ना, हेही एकदा पाहावे. या कारणाने ड्रायव्हर तीन-तीनदा बसवले गेलेले मी पाहिले आहेत.

त्यानंतर यंत्र झोपवून जागे करा, आणि हे दोनदा करा. बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हरच्या अनेक अडचणी दुसऱ्यांदा जागे होतानाच दिसतात.

तपासणी: 'प्रॉक' निर्देशिकेखालील 'सिस/कर्नल/टेंटेड' ही फाइल वाचा. ० म्हणजे कर्नलमध्ये बाहेरचे काही नाही. बंद परवान्याच्या मॉड्यूलसाठी १, कर्नलच्या स्रोताबाहेरील मॉड्यूलसाठी ४०९६ आणि सही नसलेल्यासाठी ८१९२ मिळवले जातात. म्हणून ४०९७ म्हणजे बाहेरचे आणि बंद, आणि नुसते ४०९६ म्हणजे बाहेरचे पण मुक्त परवान्याचे. कर्नलने स्वतः काही इशारा नोंदवला असेल तर त्यात ५१२ ही मिळतात. हा आकडा दंडाचा नाही. कर्नल विकसकांना ज्याचा स्रोत पाहता येत नाही असे काही आत चालू आहे का, हे त्यांना कळावे म्हणून तो ठेवला जातो.

## टप्पा ८: स्क्रीन काळी पडली तर

घाईने प्रणाली पुन्हा बसवू नका. पुढील क्रमाने जा, आणि एका वेळी एकच बदल करा.

१. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरी कन्सोल उघडतो का पाहा. उघडला तर प्रणाली जिवंत आहे. फक्त ग्राफिक्स गेले आहे.

२. उघडला नाही तर ग्रबमधून जुना कर्नल निवडा. त्यावर सगळे चालत असेल तर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधले गेलेले नाही. तिसऱ्या टप्प्यातील हेडर तपासा.

३. तेही जमले नाही तर ग्रबमध्ये 'ई' दाबून कर्नलच्या ओळीला 'नोमोडसेट' जोडा. हा बदल त्या एका वेळेपुरताच ठेवा. अनेक जण तो कायमचा लिहून ठेवतात आणि मग कोणताच ग्राफिक्स ड्रायव्हर नीट का चालत नाही याचा शोध घेत बसतात.

४. आत आल्यावर 'जर्नल-सी-टी-एल' ला 'बी' आणि उणे एक हे पर्याय देऊन मागच्या, फसलेल्या सत्राची नोंद वाचा.

नेहमीच्या अद्यतनानंतर 'ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही' असा एनव्हिडियाचा संदेश आला, तर बहुधा यंत्र पुन्हा सुरू करणे एवढेच पुरते. मेमरीत जुने मॉड्यूल आणि डिस्कवर नवी लायब्ररी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

## टप्पा ९: मुक्त ड्रायव्हरकडे परत जाणे

पॅकेज काढले की काम संपले असे समजू नये. आधी पॅकेजेस त्यांच्या मांडणीच्या फाइलींसह काढा. नंतर 'मॉडप्रोब.डी' निर्देशिकेत नूवोला किंवा कर्नलमधील वाय-फाय ड्रायव्हरला मनाई करणारी फाइल उरली आहे का पाहा. 'एक्स११' (पडद्यावर खिडक्या दाखवणारी प्रणाली) च्या निर्देशिकेत जुनी 'एक्सऑर्ग.कॉन्फ' उरली असेल तर ती बाजूला हलवा. नसलेल्या ड्रायव्हरचे नाव त्या फाइलीत राहिल्याने डेस्कटॉप उघडत नाही, हे फार वेळा घडते. मग इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करा आणि शेवटी यंत्र पुन्हा सुरू करा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी यंत्र सुरू करून मग मनाई काढली, तर मधल्या वेळी उपकरणाला एकही ड्रायव्हर नसतो.

## दोष कळवताना

कर्नलमधील ड्रायव्हरचा दोष डिस्ट्रोकडे किंवा कर्नलच्या विकसकांकडे जातो; मेसाचा दोष मेसाकडे; बंद लायब्ररीचा दोष फक्त उत्पादकाकडे. टेंटेडचा आकडा बंद मॉड्यूल दाखवत असेल तर कर्नल विकसक आधी ते मॉड्यूल काढून दोष पुन्हा घडतो का हे विचारतील, आणि तसे विचारणे रास्त आहे, कारण न दिसणाऱ्या कोडने मेमरीत काय केले हे त्यांना सांगता येणार नाही. म्हणून तक्रार लिहिण्याआधी ती चाचणी स्वतःच करावी. सोबत उपकरणाचा पूर्ण क्रमांक, कर्नल, मेसा आणि फर्मवेअर यांच्या आवृत्त्या, सिक्युअर बूटची स्थिती, टेंटेडचा आकडा आणि दोष घडला त्या सत्राची संपूर्ण कर्नल नोंद जोडावी. नोंदीतल्या निवडक चार ओळी पाठवू नयेत, कारण खरे कारण बहुधा आपण वगळलेल्या आधीच्या ओळींत असते.